आत्याबाईंच्या वाट्याची गोळी

माझ्या सासूबाईंचं आणि माझं कधीच पटलं नाही. त्यांना मी शिष्ट वाटते, मला त्या हटवादी वाटतात, आणि दोघींचंही म्हणणं बरंचसं खरं आहे. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या मला सरळ हाक मारत नाहीत. माझ्याशी बोलायचं असेल तर भिंतीकडे बघून 'मधलीला सांगा' म्हणतात, कारण मी मधली सून. थोरली सून स्वयंपाकघर सांभाळते, धाकटीचा नवरा पुण्याला नोकरीला, आणि मी लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींना दिवसभर विषाणू आणि पेशी समजावून सांगायच्या आणि घरी येऊन 'मास्तरीणबाई, भाजीत मीठ कमी हाय' हे ऐकायचं, असा माझा दिनक्रम. भाजी मी केलेली नसते तरी ऐकायचं मीच.

माझं माहेर नांदेडजवळ विष्णुपुरीला. वडील धरणावर नोकरीला, क्वार्टरमधलं छोटं घर. पेरू आणले की ज्याचा त्याचा पेरू, कुणी कुणाच्या हातात बघत नसे. तिथून मी डाळमिलवाल्यांच्या एकत्र घरात येऊन पडले. इथे बाहेरून आलेली कुठलीही खाण्याची वस्तू आधी आत्याबाईंच्या हातात जाते आणि तिथून वाटे होऊन बाहेर पडते. मोठा वाटा थोरल्या लेकाला, त्याखालोखालचा मधल्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मग नातवंडं, मग सुना. दुधावरची साय असो, उदगीरच्या पाहुण्यांनी आणलेले पेढे असोत, नियम तोच. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला काय येतं हे कुणी कधी पाहिलेलं नाही, कारण तोवर सगळे हात धुऊन उठलेले असतात. बघणारे ह्याला माया म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मीही म्हणत होते. आता त्या शब्दाचाच मला राग येतो.

त्या हिवाळ्यात थोरले दीर उदगीरला एका लग्नाला गेले आणि येताना फ्लू घेऊन आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पन्नाशीचा धडधाकट माणूस, मिलमध्ये तुरीची पोती अजून स्वतः सरकवतो, पण अंगात कणकण आली की घर डोक्यावर घेतो. ते हॉलमधल्या सोफ्यावर पांघरूण घेऊन पडले आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर खोकायला लागले. मी म्हटलं, आतल्या खोलीत झोपा, तोंडाला रुमाल लावा, घरात म्हातारं माणूस आहे, पोटुशी बाई आहे. तर म्हणाले, "मला काय वाळीत टाकता का?" आणि आत्याबाई त्यांच्या उशाशी बसून कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत राहिल्या.

आत्याबाईंना मधुमेह आहे आणि दमा आहे. मिल घराच्या मागेच, डाळीचा भुसा आयुष्यभर छातीत गेलेला. दादांचा ताप उतरायच्या आतच त्यांना हुडहुडी भरली.

नवऱ्यानं लगेच तोडगा काढला. "कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून एक सलाईन लावून आणू. सांजपर्यंत उठून बसेल." आमच्याकडे सलाईनवर देवापेक्षा जास्त विश्वास आहे. पोरगी नापास झाली तरी आधी सलाईन लावतील. मी त्याचं काही ऐकलं नाही. आत्याबाईंना गाडीत घातलं आणि त्यांची दम्याची औषधं ज्यांच्याकडे चालू आहेत त्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी नाकातला नमुना तपासायला पाठवला आणि त्याच्या निकालासाठी थांबले नाहीत. "वय आहे, शुगर आहे, दमा आहे. वाट बघण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "हे औषध फ्लूच्या विषाणूवरच काम करतं, आणि सुरुवातीच्या दोन दिवसांत सुरू केलं तर चांगलं करतं. पहिली कॅप्सूल आत्ताच द्या." मग त्यांनी आत्याबाईंच्या फाईलमधला किडनीचा रिपोर्ट काढून बघितला. "मधुमेहानं किडनी थकलीय, म्हणून ह्यांचा डोस मी कमी ठेवलाय. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. मधेच बरं वाटलं तरी बंद करायचं नाही. काहीतरी खाऊन घ्या, म्हणजे मळमळ कमी होईल. फार उलट्या झाल्या, असंबद्ध बोलायला लागल्या किंवा धाप वाढली, तर फोन करत बसू नका, सरळ घेऊन या."

घरातल्या बाकीच्यांचं काय, असं मी विचारलं. "धडधाकट माणसाला बहुतेक वेळा ह्याची गरज पडत नाही. विश्रांती, पाणी, तापाची गोळी. पण घरात कुणी गरोदर असेल, आजारी असेल, तर आणून दाखवा. आजार होऊ नये म्हणूनही हे औषध देतात, पण कुणाला द्यायचं आणि किती, ते मी ठरवीन. ह्यांच्यातलं काढून कुणाला द्यायचं नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. औषधातलं कोण काढून देईल, असं मला वाटलं.

धाकट्या जावेला मी दुसऱ्याच दिवशी नेलं. तिला सातवा महिना होता. डॉक्टरांनी तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, दोघांचं बोलणं झालं, आणि तिला तिचं वेगळं औषध मिळालं. ते ती खोलीचं दार लावून घ्यायची, कारण पोटुशीला गरम औषध सोसत नाही असं आत्याबाईंचं पक्कं मत. पोरीनं एकही गोळी चुकवली नाही आणि तिला शिंकही आली नाही.

आत्याबाईंची पहिली कॅप्सूल दवाखान्यातच माझ्यासमोर पोटात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याचा पेला आणि कॅप्सूल घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर त्या म्हणाल्या, "ठेव तिथं. पूजा व्हायची हाय." आमचं घर लिंगायत; आत्याबाई गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करतात आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाहीत. तापातही त्यांनी हे सोडलं नव्हतं. त्यांची पूजा काही घाईचं काम नाही आणि माझी सकाळची बॅच उभी होती. मी कॅप्सूल ताटलीत ठेवली. संध्याकाळी आले तेव्हा ताटली रिकामी. संध्याकाळची दिली तर म्हणाल्या, "दोन घास खाऊन घेते. तूच म्हनलीस न खाऊन घ्या म्हनून." बरोबरच होतं. कॅप्सुलांचं पाकीट रिकामं होत होतं, मी निर्धास्त होते. ह्यात माझी चूक झाली असं मला आजही वाटत नाही. मोठ्या माणसानं दिलेलं औषध तोंडात टाकलं की नाही हे बघायला मी काही बालवाडीची बाई नाही.

पण आत्याबाईंचा ताप हटेना. उलट धाप वाढली. बोलताना मधेच थांबून श्वास गोळा करायला लागल्या. मी क्लास बुडवला आणि त्यांना दवाखान्यात न्यायला नवऱ्याला घरी बोलावलं. दुपारी चहाला दादा सोफ्यावर उठून बसलेले, समोर भज्यांची ताटली, चेहऱ्यावर टवटवी. माझा नवरा शेजारी.

"आईला औषध लागू पडून राहिलं न्हाई," नवरा म्हणाला. "म्हनलं होतं मी, सलाईन लावू."

दादा भजं मोडत म्हणाले, "असं कसं? मला तर लई फरक पडला की."

"कशानं?" मी विचारलं.

"त्या गोळीनंच. सकाळची आई मला देती, सांजची ह्याला." त्यांनी हातातल्या भज्यानं माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

माझ्या नवऱ्याला ताप नव्हता. थोडं नाक वाहत होतं. तो चहाच्या कपात बघायला लागला.

मला आधी नीट कळलंच नाही. आत आजारी पडलेली बाई, तिच्या नावाचं औषध, आणि ते गिळणारे हे दोन बाप्ये, भजी खात बसलेले. मी दादांना विचारलं, "तुम्ही घेतली? आईच्या हातातली?"

ते खरोखर गोंधळले. "आईनं दिल्यावर न्हाई कसं म्हनायचं?"

"आणि तुम्ही?" मी नवऱ्याला विचारलं.

"तिनंच दिली. म्हनली, मधलीला सांगू नको, खामखा वरडत बसती."

आतून आत्याबाईंचा आवाज आला. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा. "लेकरं बाजारात फिरतेत... माणसात उठबस हाय... मी काय, घरातच पडून... मला काय करायची?"

मी तेव्हा काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. दादांना निर्लज्ज म्हणाले, एवढं आठवतं, आणि ते माघारी घेतलेलं नाही. ज्या घरात मी दादांसमोर मोठ्यानं हसतही नव्हते, तिथे भज्यांची ताटली उचलून मोरीत नेऊन आपटली. थोरली जाऊ स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी राहिली. आत जाऊन बघितलं तर आत्याबाईंचे ओठ निळसर दिसत होते.

नवऱ्यानं गाडी काढली. मी मागे आत्याबाईंना धरून बसले होते. सिग्नलला थांबल्यावर त्यानं मागे वळून हळूच सांगितलं, "तिथं हे सांगत बसू नको बरं का. सगळ्या घेतल्या म्हन. चारचौघांत आईची शोभा नको."

मला त्याची किळस आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणं पुष्कळ झाली, पण किळस पहिल्यांदाच आली. आईची शोभा म्हणे. शोभा ह्यांची होणार होती, म्हणून आईनं न घेतलेलं औषध घेतलं म्हणून सांगायचं, आणि डॉक्टरांनी त्या हिशेबानं पुढचे उपचार करायचे. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात, पेशंटांच्या गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं डॉक्टरांना सांगितलं, "त्यांनी दवाखान्यातली पहिली सोडून एकही कॅप्सूल घेतलेली नाही. ह्यांनी आणि ह्यांच्या भावानं खाल्ल्या." बाकावर बसलेल्या बायका वळून बघायला लागल्या. नवरा पार्किंगकडे निघून गेला.

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "मी औषध लागू पडलं नाही असं समजून भलतीकडे गेलो असतो. उशीर झालाय. पण इतक्या आजारी माणसाला उशिरानंही देतात. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू." आत्याबाईंना वॉर्डात नेलं, ऑक्सिजन लावला. जाता जाता डॉक्टरांनी सांगितलं की दादांनी जे घेतलं तो थकलेल्या किडनीसाठी कमी केलेला डोस होता आणि तोही अर्धवट. दादांचा ताप उतरायचाच होता, तो उतरला. म्हणजे जिची गोळी तिला नाही मिळाली, आणि ज्यांना मिळाली त्यांच्या काही कामाची नव्हती. डाळीचा एक दाणा वाया गेला तर मजुराला बोलणारी ही माणसं.

आत्याबाई वाचतील की नाही हे दुसऱ्या दिवशीही कुणी सांगत नव्हतं. मी बाकावर बसून होते. मला त्यांचं प्रेम वगैरे दाटून आलं नव्हतं. मला राग येत होता, आणि भीती वाटत होती की ही बाई अशीच मरून जाईल आणि उदगीरपासून निलंग्यापर्यंतचे पाहुणे जमून म्हणतील, काय माय होती, शेवटचा घासही लेकरांना दिला. मला ते ऐकायचं नव्हतं. त्यांनी जगावं असं मला अगदी मनापासून वाटत होतं आणि त्यातला निम्मा भाग ह्या रागाचा होता.

भेटायच्या वेळेला मी दादांना घेऊन आत गेले. त्यांचा खोकला जवळपास गेला होता, तरी मी त्यांना मास्क लावायला लावला आणि हात धुवायला लावले. आत्याबाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. सिस्टर नुकतीच औषध देऊन शेजारच्या खाटेकडे वळली होती. आत्याबाईंनी दादांना बघितलं, आणि त्यांचे डोळे तेवढ्यापुरते निवळले. मग चादरीखालून त्यांची मूठ बाहेर आली.

मुठीत कॅप्सूल होती. पाणी पिऊन त्यांनी ती हातातच ठेवली होती. घामानं ती मऊ पडून तिचा रंग तळहाताला लागला होता. मास्कच्या आतून त्या म्हणाल्या, "घे रं. तुझा खोकला गेला न्हाई अजून."

आणि दादांनी हात पुढे केला.

मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पन्नाशीचा माणूस, दोन मुलांचा बाप, मिलचा मालक. आई ऑक्सिजनवर. आदल्या दिवशी सगळं कळलेलं. तरी हात पुढे झाला. त्यांच्या मनात पाप होतं असं मी म्हणत नाही. मनात काहीच नव्हतं. आईची मूठ उघडली की ह्यांचा तळवा पसरतो, एवढंच त्यांना येतं.

मी त्यांचं मनगट धरलं. "मागे घ्या हात."

"अगं, ती देती तर..."

"म्हणा, मला नको. एवढंच म्हणा. तुम्ही म्हणालात तर त्या ऐकतील."

दादांनी आईकडे बघितलं. मी थांबले. शेजारच्या खाटेवरची बाई, सिस्टर, सगळ्या बघत होत्या. त्यांना दोन शब्द म्हणता आले नाहीत. मग मीच आत्याबाईंची मूठ उघडून ती कॅप्सूल काढून घेतली. त्यांनी जोर लावला. ऑक्सिजनवरच्या बाईत एवढा जोर कुठून आला कोण जाणे, माझ्या हाताला त्यांची नखं लागली. सिस्टरनं ती पाघळलेली कॅप्सूल टाकून दिली आणि नवी आणली. मी ती आत्याबाईंच्या जिभेवर ठेवली, पाणी दिलं आणि म्हटलं, "तोंड उघडा."

त्यांनी उघडलं.

"जीभ उचला."

त्यांनी जीभ उचलली. त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे होतं त्याला द्वेष हाच शब्द आहे. मलाही त्या वेळी त्यांच्याविषयी फार वेगळं वाटत नव्हतं. दादा जिन्यात जाऊन रडले. मला दया आली नाही. पुढे पाचही दिवस, सकाळ-संध्याकाळ, मी तिथे हजर राहिले आणि रोज तेच दोन हुकूम सोडले. त्यांच्या लेकांना मी औषधाच्या वेळी वॉर्डात येऊ दिलं नाही.

आत्याबाई वाचल्या. अशक्त होऊन, पण आपल्या पायांनी घरी आल्या. विचारपूस करायला पाहुणे यायला लागले, आणि मी केलेला चहा पीत, माझ्यासमोर, भिंतीकडे बघून त्या प्रत्येकाला सांगायच्या, "मधलीनं माझ्या लेकाच्या हातातलं औषध हिसकून घेतलं. जीभ उचलून बघायची माझी, चोरासारखी." पाहुणे माझ्याकडे बघायचे. मी आणखी साखर हवी का विचारायचे. खोटं त्या बोलत नव्हत्या.

यंदा थंडी सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी फ्लूची लस घ्यायला सांगितलं होतं. ते औषध आजार झाल्यावरचं किंवा तो घरात शिरल्यावरचं, लस दर वर्षी घ्यायचीच, एकाची जागा दुसरं घेत नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी आत्याबाईंना घेऊन गेले. घरी जाऊन थोरल्याला घेऊन येऊ, असं त्यांचं वाटेत चाललं होतं. सिस्टरनं दंड पुसला, सुई टोचली, कापसाचा बोळा ठेवला. आत्याबाईंनी मान वळवून तिच्या हातातली रिकामी सिरिंज बघितली.

"सगळी मलाच दिली?"

"हो आजी. सगळी."

"थोडी ठिवायची होती की गं," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

दुखलं का, असं सिस्टरनं विचारलं. त्यांनी नकाराची मान हलवली. बोळा दाबून धरत त्या खाली उतरल्या, गाडीत बसल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या, काहीतरी चोरून खाताना सापडलेल्या लहान मुलीसारख्या. वयाची सत्तरी ओलांडलेली बाई. मला त्यांच्यावर ओरडता येईना. त्यांच्या त्या दोन लेकांना तिथे, रस्त्यात, गाडीसमोर उभं करून थोबाडीत द्यावीशी वाटत होती.